पहिल्या नंबरला काय टाकायचं?

मॅडम, नमस्कार. आम्ही सांगोल्याचे. मिस्टरांचं किराणा दुकान आहे, मी घरी शिवणकाम करते. मोठी मुलगी अकरावी-बारावीला लातूरला होती. तिला सीईटीला 91.4 पर्सेंटाईल आहेत. तिला पुण्यात कॉम्प्युटर करायचंय, मिस्टर म्हणतात सोलापूर-पंढरपूरकडेच बघू. इंजिनिअरिंगचा फॉर्म आम्ही नेट कॅफेत भरला, आता कॉलेजांचे पर्याय भरायचे आहेत. कॅफेवाला म्हणतो, पहिल्या नंबरला घराजवळचं नक्की मिळणारं कॉलेज टाका, पहिल्याच फेरीत काम होऊन जाईल. पुण्याची वर टाकली आणि नाही मिळाली तर जवळचंही हातचं जाईल. माझा भाचा नेमकं उलट सांगतो. कटऑफची पीडीएफ उघडली तर जीओपनएच, एलओबीसीओ असलं काहीतरी, डोकंच चालेना. आमची होम युनिव्हर्सिटी सोलापूरच ना? आम्ही ओबीसीत येतो, नॉन क्रिमीलेअर दोन वर्षांपूर्वी काढलेला आहे, चालेल ना? आणि एक जण सारखा फोन करतोय, पंधरा हजारांत सगळं बघतो म्हणतो. पासवर्ड अजून कॅफेवाल्याकडेच आहे. काय करू?
— एक आई

ताई,

हे उत्तर वाचून होईपर्यंत एकही पर्याय कन्फर्म करू नका. कॅफेवाला मनाने चांगला असेल, पण त्याने सांगितलंय ते चूक आहे, आणि ही चूक अशी की नंतर तिला औषध नाही.

मी पॉलिटेक्निकला शिकवत होते. प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे सुविधा केंद्र असायचं, ज्याला सगळे एफसी म्हणतात. बाहेर पाऊस, आत पालकांची रांग, आणि मी टेबलाच्या ह्या बाजूला कागद तपासत बसलेली. एका वर्षी एक मुलगा आला, बरोबर काका. गुण चांगले होते. काकांनी हौसेने घरापासून बारा किलोमीटरवरचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलेलं. ‘एकदा ते पक्कं करून ठेवू, मग वरचं बघू’ असा हिशोब. पहिल्या फेरीत तेच लागलं. मुलगा म्हणाला, आता दुसऱ्या फेरीत चौथ्या नंबरचं सरकारी कॉलेज मिळतंय का बघू. मला सांगावं लागलं की दुसरी फेरी तुझ्यासाठी नाहीच. त्याच्या खालच्या मेरिटच्या मुलाला ते सरकारी कॉलेज मिळालं. काका काही बोलले नाहीत, फक्त छत्री उघडली आणि आतच उघडली.

झालं काय होतं, ते सांगते. पहिल्या फेरीत तुम्हाला पहिल्या पसंतीची जागा लागली, तर ती आपोआप गोठते. ह्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. मग ती घ्या, नाहीतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यंत्रणेचं म्हणणं सरळ आहे: तुम्हीच सांगितलंत की हे सगळ्यात जास्त हवंय, ते दिलं, आता आणखी काय? 2025-26 च्या प्रवेशात हा नियम आणखी ताणला गेला. त्या वर्षी तीनच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घेणं बंधनकारक, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही लागली तर बंधनकारक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्या फेरीत जे लागेल ते शेवटचं. हे आकडे दर वर्षी तसेच राहतील असं धरून चालू नका. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्षीची माहिती पुस्तिका असते, तिच्यातलं कॅप फेऱ्यांचं प्रकरण तेवढं मुलीला मोठ्याने वाचायला लावा. बाकीची पुस्तिका नाही वाचली तरी चालेल.

आता कॅफेवाल्याची दुसरी भीती: वर अवघड कॉलेजं टाकली तर खालचं सोपंही जाईल. ही भीती मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलीय की तिचं मूळ शोधावंसं वाटतं. मला वाटतं ते जुन्या पद्धतीत आहे. पूर्वी प्रत्येक कॉलेजात वेगळा फॉर्म भरायचा, आणि एका कॉलेजाच्या रांगेत उभं राहिलं की दुसऱ्याची रांग हुकायची. आता रांग एकच आहे. ती मेरिट नंबरची. संगणक पहिल्या नंबरच्या मुलाला बोलावतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जी पहिली जागा रिकामी दिसेल ती त्याला देतो. मग दुसऱ्याला. समजा तुमच्या मुलीचा राज्य मेरिट नंबर 30,000 आहे. तिच्यावरची 29,999 मुलं उरकली की तिची यादी उघडते. पहिला पर्याय, जागा संपलेल्या. दुसरा, संपलेल्या. असं करत चौदाव्याला एक जागा शिल्लक दिसली, ती तिला. वरच्या तेरा ठिकाणी नकार आला म्हणून चौदाव्या ठिकाणचा तिचा हक्क एका केसाने कमी होत नाही, कारण तोवर तिच्या मागच्या मुलाची यादी उघडलेलीच नसते. त्याने तेच कॉलेज पहिल्या नंबरला टाकलेलं असलं तरी तो तिच्या मागेच. कॉलेजला तर तुम्ही त्यांना कितव्या नंबरला टाकलंय हे बघून मर्जी दाखवायचा अधिकारच नाही. ‘पहिल्या नंबरला टाकलं की ते लोक आपला विचार करतात’ हे मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी वाचते आणि दर वर्षी कपाळाला हात लावते.

तेव्हा भाचा बरोबर आहे. हा फॉर्म विचारतो एकच: हातात आली तर कुठली जागा आधी घ्याल, मग कुठली, मग कुठली. कुठे लागेल हा त्याचा प्रश्नच नाही. लागण्याचा अंदाज बांधायचा तो फक्त यादी किती लांब ठेवायची हे ठरवायला. इंजिनिअरिंगला 300 पर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे भरा असं मी म्हणत नाही, पण आठ-दहा भरून थांबणारे पालक बघितले की माझा जीव खालीवर होतो. 91 ला चाळीस-पन्नास तरी हवेत, आणि तळाशी चार-पाच अशी हवीत की जिथे गेल्या वर्षीचा शेवटचा आकडा तिच्यापेक्षा बराच खाली आहे आणि जिथे ती खरोखर जाईल. जिथे जायचंच नाही ते कॉलेज ‘असू दे’ म्हणून टाकू नका. शेवटच्या फेरीत नेमकं तेच लागतं.

91.4 ह्या आकड्याबद्दलही दोन शब्द, कारण घरात त्यावरून पेढे वाटले गेले असतील आणि तेवढाच गैरसमजही. हे टक्के नाहीत. तिच्या सत्रात बसलेल्यांपैकी 91.4 टक्के मुलांचे गुण तिच्याएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. 2025 मध्ये पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. म्हणजे त्या गर्दीत 91.4 च्या वर पस्तीस हजारांच्या आसपास मुलं निघतात. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटर ह्या आकड्याला अवघड आहे. पुण्याच्या आसपासच्या कॉलेजांत, किंवा कॉम्प्युटरच्या शेजारच्या शाखांत, अशक्य नाही. हे तिलाही स्पष्ट सांगा, पण तिची पुण्याची नावं यादीतून खोडू नका. वर लिहायला काही पडत नाही.

कटऑफच्या पीडीएफला घाबरू नका, ती बाराखडी दहा मिनिटांची आहे. शब्द डावीकडून फोडायचा. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभरातल्या सगळ्यांसाठी. म्हणजे एलओबीसीओ म्हणजे ओबीसी मुलींची, बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठीची जागा. प्रत्येक खान्यात वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाईल असतं, ती त्या जागेवर शिरलेली शेवटची व्यक्ती. तुमच्या मुलीने चार खाने बघायचे: जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी, आणि प्रत्येकाला तिला लागू असलेलं शेवटचं अक्षर. कुठल्या खान्यातून जागा द्यायची ते संगणक ठरवतो, आपल्याला भरावं लागत नाही. ओबीसीची मुलगी मेरिटवर ओपनमधूनही जाते, तिला त्यासाठी काही वेगळं मागायचं नसतं.

पहिल्या फेरीची पीडीएफ आणि शेवटच्या फेरीची पीडीएफ शेजारी ठेवून बघा. पुष्कळ ठिकाणी आकडा फेरीगणिक खाली सरकलेला दिसेल. पहिल्या फेरीचा आकडा बघून ‘आपलं काही खरं नाही’ म्हणणारे तिथेच फसतात.

आता ते शेवटचं अक्षर तुमच्या मुलीला कुठलं लागू? इथे तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तुमच्यासारखाच गोंधळ लातूरला शिकायला गेलेल्या निम्म्या मुलांच्या घरात होतो. घर सांगोल्याला, रेशनकार्ड सांगोल्याचं, दहावी सांगोल्याची, तरी तुमची होम युनिव्हर्सिटी सोलापूर नाही. ज्या मुलांची दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली, ते उमेदवार टाइप ए मध्ये येतात, आणि त्यांचं होम विद्यापीठ बारावी जिथून पास झाली त्या ठिकाणावरून ठरतं. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. म्हणून तिच्यासाठी नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत एच, आणि सोलापूर, पंढरपूर, पुणे सगळीकडे ओ. साधारणपणे एचच्या वाट्याला 70 टक्के आणि ओच्या वाट्याला 30 टक्के जागा असतात. त्यामुळे गंमत अशी की मिस्टर ज्याला घरचं समजतायत त्या सोलापूरच्या कॉलेजातही तुमची मुलगी पाहुणीच आहे. तिथलं जीओपनएच बघून ‘हे तर नक्की मिळतं’ असा हिशोब कॅफेवाल्याने मांडला असेल, तर तो चुकीच्या खान्यावर मांडलेला आहे. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी एस असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त मेरिटचा येतो आणि तो पुरेसा मोठा आहे.

फॉर्ममध्ये बारावीचा जिल्हा काय भरलाय ते आज बघा. कॅफेत पत्ता सांगोल्याचा म्हणून बारावीचाही सोलापूर जिल्हा टाकून मोकळे झालेले मी पाहिलेत.

नॉन क्रिमीलेअरचं. तुम्ही विचारलंत चालेल ना, मी विचारते तारीख काय आहे. हा दाखला कधी काढला ह्याला महत्त्व नाही, कुठवर वैध आहे ह्याला आहे. प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या शेवटपर्यंत, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत तो वैध हवा. 2025-26 साठी 31 मार्च 2026 पर्यंत वैध लागत होता, त्याच धर्तीवर. काहींना एका वर्षाचा मिळतो, काहींना तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या पुराव्यावर तीन वर्षांचा. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर कदाचित बसेलही. कपाटातून काढा, खालची ओळ वाचा. मुदत गेलेली असेल तर तहसीलच्या सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात आजच अर्ज टाका, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग किती वाढते हे तुम्हाला मी सांगायला नको. दाखला वेळेत लागला नाही तर मुलगी फॉर्ममध्ये ओपनची होते. मेरिट लिस्टमध्ये नाव असतं, मेरिट नंबर असतो, आणि त्यापुढे प्रवर्गाच्या रकान्यात ओपन. बऱ्याच जणांच्या लक्षात ते फेरी लागल्यावर येतं. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा हरकत नोंदवायला जे दोन-तीन दिवस देतात, ते ह्याच्याचसाठी असतात. नंबर बघून फोन करत सुटू नका, आधी स्वतःच्या ओळीतला प्रत्येक रकाना बघा: प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, गुण, लिंगसुद्धा. हसू नका, मी ‘पुरुष’ लिहिलेल्या मुली पाहिल्यात.

जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, तुमच्याकडे आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती तरी हवी. पावतीवर किती मुदत मिळते हे वर्षागणिक सरकारच्या निर्णयावर आहे, त्यावर विसंबून झोपू नका.

फॉर्म तुम्ही ई-स्क्रूटिनीने भरला असणार, म्हणजे कागद घरून अपलोड. ह्यात एक खोच आहे. एफसीवरच्या माणसाला काही चुकलेलं दिसलं, अस्पष्ट स्कॅन किंवा नाव जुळत नाही असं काही, तर तो फॉर्म तुमच्या लॉगिनमध्ये परत पाठवतो. तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही, तर तो तिथेच पडून राहतो. एसएमएस येतोच असं नाही. लॉगिन कॅफेवाल्याकडे असेल तर बघणार कोण? फॉर्म ‘कन्फर्म’ झाल्याची पोचपावती निघते, ती छापून घरात ठेवा. ती निघत नसेल तर फॉर्म अजून तपासणीत आहे असं समजा.

आता आठवड्यातलं जड काम. मिस्टर सोलापूर म्हणतात, मुलगी पुणे म्हणते. हे भांडण कॅफेत बसून मिटवू नका, तिथे मागचा माणूस खुर्ची मागत असतो. मी एफसीवर पालकांना चिठ्ठ्यांचा खेळ सुचवायचे. एकेका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा लिहायची, त्याच्या खाली मागच्या वर्षीचा तिला लागू असलेला आकडा. मग जमिनीवर बसायचं आणि दोन चिठ्ठ्या उचलून मुलीला विचारायचं: ह्या दोन्ही हातात असत्या तर कुठली घेतली असतीस? उरलेली खाली. मग त्या चिठ्ठीसमोर पुढची. तासाभरात पन्नास चिठ्ठ्यांची रांग लागते. पण मधेच वडिलांनी विचारायचा प्रश्नही आहे: पुण्याचं नावही न ऐकलेलं कॉलेज आणि पंढरपूरचं बरं कॉलेज, ह्यात कुठलं? माझा अनुभव असा की मुली इथे थांबतात. ‘पुणे’ हे त्यांच्या डोक्यात एक शहर असतं, पन्नास कॉलेजं नसतात. तिला पंढरपूर वर घ्यावंसं वाटलं तर घेऊ द्या, नाही वाटलं तर नाही. शाखेचंही तसंच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, सगळ्यांचे कोड वेगळे आहेत. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरपेक्षा ह्यांतलं एखादं खाली थांबलेलं असतं. तिला मनापासून चालणार असेल तर ते लगेच खाली लावा, कॉलेजं संपल्यावर शेवटी नाही.

रांगेतल्या पहिल्या तीन आणि पहिल्या सहा चिठ्ठ्यांकडे शेवटी एकदा नीट बघा. त्यांतली कुठलीही लागली तर हसत जाईल का? नाही म्हणाली तर ती चिठ्ठी त्या जागेवर चुकून आली.

भरताना नावावर जाऊ नका, कोडवर जा. डी. वाय. पाटील नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं पुण्याच्या परिसरातच एकाहून जास्त आहेत, शिवाय कोल्हापूर आणि नवी मुंबई आहेच. पर्यायाचा कोड दोन तुकड्यांचा असतो. आधी संस्थेचा कोड, बहुतेक कॉलेजांचा पुढे शून्य लावून लिहितात, मग शाखेचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा 24510. दोन्ही जोडले की पर्यायाचा पूर्ण कोड. शून्यानंतरचा आकडा विभाग सांगतो: 1 अमरावती, 2 छत्रपती संभाजीनगर, 3 मुंबई, 4 नागपूर, 5 नाशिक, 6 पुणे. सोलापूर जिल्हा सहात येतो. चिठ्ठीवर कोड लिहिला असेल तर भरायला वीस मिनिटं पुरतात. कोडच्या शेवटी टी असेल तर ती टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेली जागा, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांसाठी. त्या जागा थोड्या असतात आणि आकडा वरच थांबतो. टाकायची तर त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर टाका, खाली टाकून काही अर्थ नाही.

तुमच्या मुलीला मात्र टीच्या मागे धावायची तितकी गरज नाही, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. किराणा दुकान आणि शिवणकाम मिळून बहुतेक तुम्ही त्यात बसाल. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतला तर ही सवलत नाही. आणि ती आपोआप मिळत नाही, सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. हॉस्टेल आणि मेस ह्यात धरू नका. पुणे की सोलापूर हा वाद खरं तर तिथे येऊन थांबतो, तेव्हा चिठ्ठीवर तोही आकडा लिहा.

त्या पंधरा हजारवाल्याचं उत्तरही इथेच मिळालं असेल. जागा देणं त्याच्या हातात नाही, मेरिट नंबर हलवणं नाही. तो फार तर तुमच्यासाठी ही यादी लावेल, आणि स्वतःची ओळख असलेली कॉलेजं वर सरकवणार नाही ह्याची खात्री कोण देणार? ‘कॅपमधून नाही लागलं तर मॅनेजमेंटमधून बघू’ असं तो पुढच्या फोनवर म्हणेल. तेव्हा शुल्कमाफीचं काय होईल ते विचारा. फोन लवकर संपेल.

फेरी लागल्यावर गोंधळ होतो तो दोन शब्दांचा. फ्रीझ म्हणजे मिळालंय ते पक्कं, पुढच्या फेरीत जायचं नाही. बेटरमेंट म्हणजे हे हातात ठेवतो, पण वरचं मिळालं तर हवंय. वरचं मिळालं की आधीचं आपोआप सुटतं, मिळालं नाही तर आधीचं राहतं. म्हणून बेटरमेंट घेतल्यावर पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हवं असेल तेवढंच त्यात ठेवा. सवयीने जुनीच पन्नासची यादी पुन्हा चिकटवू नका. दोन्हींसाठी जागा स्वीकारल्याचं शुल्क भरावं लागतं. ते 1000 रुपये असायचं, यंदाचं पुस्तिकेत बघा. हे हजार रुपये भरले म्हणजे प्रवेश झाला असं समजून गावी गेलेले लोक मी पाहिलेत. प्रवेश होतो कॉलेजात जाऊन, मूळ कागद दाखवून, वेळापत्रकातल्या तारखेच्या आत. ती तारीख गेली की जागा गेली.

आणि पर्याय भरून नुसते सेव्ह करून उठू नका. कन्फर्म केल्याशिवाय ती यादी फेरीत धरत नाहीत. आदल्या दिवशीच करा, शेवटच्या संध्याकाळी सर्व्हर कसा चालतो ते कॅफेवालाच सांगेल.

पासवर्ड आज बदला. फॉर्ममध्ये दिलेला मोबाईल नंबर तुमच्या घरातला आहे का ते आधी बघा, कारण ओटीपी तिकडे जाणार. तुमचाच असेल तर मुलीच्या फोनवर लॉगिन करा, नवा पासवर्ड ठेवा, वहीत लिहा, आणि फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून उघडून दहावीच्या मार्कशीटशी ताडून बघा: आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आईच्या नावात व्ही आहे की डब्ल्यू. कॅफेवाल्याला वाईट वाटेल असं वाटत असेल तर प्रिंट मात्र त्याच्याकडेच काढा. रंगीत नको, साधी चालते.